वृषण चिपवर आले म्हणून उंदीर सोडून द्यावेत का?

औषधनिर्माणशास्त्राची अध्यापिका, बडोदे
बडोद्याच्या आसपास औषधांचे इतके कारखाने असूनही एखादे नवे रसायन पुरुषाच्या प्रजननक्षमतेला बाधते का, हे आपण अजून मुख्यतः उंदरांवरच पाहतो. मार्च 2023 मध्ये भारत सरकारने नियमांत दुरुस्ती करून ऑर्गन-ऑन-चिपसारख्या (छोट्या पट्टीतील सूक्ष्म नलिकांत अवयवाच्या जिवंत पेशी किंवा ऊती कार्यरत ठेवणाऱ्या) प्राणीविरहित पद्धतींना वाट मोकळी करून दिली आहे. जपानच्या योकोहामा सिटी विद्यापीठातील ताकेहिको ओगावा यांच्या गटाने 2016 मध्ये अशाच चिपमध्ये उंदराच्या वृषणाचा तुकडा सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूस ठेवून, दुसऱ्या बाजूने पोषकद्रव वाहता ठेवून, शुक्राणुनिर्मिती सहा महिने चालू ठेवली. माझ्या मते नवा निधी आधी चिपला मिळावा, प्राणिगृहाचा विस्तार मागाहून करता येईल.

निवृत्त विषशास्त्रज्ञ, दांडिया बाजार
मॅडम, प्रयोग मोठाच आहे, पण तो उंदराच्याच ऊतीवर झालेला आहे. उंदरात शुक्राणू घडायला सुमारे 35 दिवस लागतात, माणसात सुमारे 74. तेवढा काळ मानवी ऊती चिपवर केवळ जिवंत नव्हे, तर कार्यरत ठेवायची आहे. शिवाय बहुतेक चिप ज्या सिलिकोन रबराच्या असतात, ते मेदविद्राव्य रेणू शोषून घेते, म्हणजे दिलेली मात्रा पेशींपर्यंत पोहोचलीच नाही तरी आपण औषध निर्धोक ठरवून मोकळे होऊ. आणि वृषणाला संप्रेरकांद्वारे आदेश देणाऱ्या मेंदूतील पियुषिका ग्रंथीलाच औषधाने धक्का दिला, तर एकटी चिप बापडी काय सांगणार? मादी गाभण राहते का, पिल्ले धड निपजतात का, याचे उत्तर प्राणीच देतो.

अध्यापिका
सर, पियुषिकेचा मुद्दा मान्य, पिल्लांचा नाही. नर उंदराकडे शुक्राणूंचा साठा इतका मुबलक असतो की निर्मिती निम्म्याहून कितीतरी खाली आली तरी पिल्लांची संख्या तशीच राहते. पुरुषाकडे ही शिल्लक फार थोडी असते. रक्त आणि शुक्रजनक नलिका यांच्यामधला सर्टोली पेशींचा (शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींचा) अडसर कोणते रसायन भेदते, हे मानवी पेशींवर पाहणेच अधिक प्रामाणिक नाही का?

भ्रूणतज्ज्ञ, अलकापुरी
ताई, मानवी ऊती आणणार कोठून? शस्त्रक्रियेत मिळते ती बहुधा आजारी किंवा संप्रेरकांचे उपचार झालेली असते. शुक्राणू निवडण्याच्या ज्या चिप आमच्या क्षेत्रात खपतात, त्यांचा या विषयाशी संबंध नाही. तरी निधी मागताना दोन्ही एकाच टोपलीत घातल्या जातात. मला वृषणाच्या चिपची खरी निकड दिसते ती कर्करोग झालेल्या लहान मुलांसाठी: वयात आलेली नसल्याने त्यांचे शुक्राणू गोठवता येत नाहीत, आणि जपून ठेवलेली वृषणाची ऊती परत शरीरात रोवावी, तर काही कर्करोगांत तिच्यासोबत कर्करोगाच्या पेशी परतण्याची भीती असते. त्या ऊतीतून चिपवरच शुक्राणू घडवता आले, तर ही भीती टळेल.

निवृत्त विषशास्त्रज्ञ
ते काम अवश्य व्हावे. औषधचाचणीपुरती माझी अट एवढीच: आपल्या गुजरातच्या सरकीतले गॉसिपॉल पुरुषांची शुक्राणुनिर्मिती रोखते, हे चीनमध्ये माणसांवरच दिसून आलेले आहे. ते आधी चिपवर घाला. चिपने ते पकडले, तर निधीच्या अर्जावर मीही सही करीन. प्राणिगृहाला टाळे लावण्याच्या अर्जावर मात्र नाही.