इन्स्टंट फिल्मचे दोष गोड मानायचे की सुधारायचे?

कवडसा: गेल्या आठवड्यात सांगलीच्या वाड्यात तुळशीपाशी आजीचा पोलरॉइडवर, म्हणजे फोटो लगेच कागदावर देणाऱ्या कॅमेऱ्यावर, फोटो काढला. भर दुपारची वेळ. पांढरं लुगडं पिवळट-गुलाबी आलं आणि एका कोपऱ्यात चित्र उमटलंच नाही. भाऊ म्हणतो, फोटो फुकट गेला. मला मात्र तिचा तोच फोटो सगळ्यात जवळचा वाटतो. फोनमधले तिचे शेकडो फोटो कुणी उघडून बघत नाही, हा देव्हाऱ्याशेजारी लावलाय. तुम्हाला काय वाटतं?

रीळवाला: मी भावाच्या बाजूने. आजी प्रिय आहे म्हणून दोष प्रिय होत नाही. ही फिल्म १३ ते २८ अंशांत वापरा असं कंपनीच सांगते. मे महिन्यातल्या सांगलीत दुसरं काय होणार? कोपऱ्याचं कारण बहुधा रूळ. फोटो बाहेर येताना दोन रूळ पांढऱ्या पट्टीतली रसायनाची पुडी फोडून ते सगळीकडे पसरवतात. रुळांवर जुनं रसायन वाळलं असेल तर ते सारखं पसरत नाही. पाकिटात फोटो आठच, एकेकाची किंमत बघा. पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँडने १९४७ मध्ये हे तंत्र दाखवलं ते धूसरपणासाठी नव्हे. अॅन्सेल अॅडम्ससारखा काटेकोर निसर्गछायाचित्रकार त्यांचा सल्लागार होता!

निळी शाई: थोडी भर घालते. पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बंद केली. नेदरलँड्समधल्या एन्सखेडेचा कारखाना काही लोकांनी वाचवला, पण जुनी रसायनं मिळेनात, सूत्र नव्याने बांधावं लागलं. आजच्या फिल्मचा लहरीपणा काही अंशी तिथला आहे. मला तो आवडतो.

दिवेघाट: मी वारीत इन्स्टॅक्स नेतो, फुजीचा असाच लगेच फोटो देणारा कॅमेरा. एका माउलींच्या हातात फोटो दिला तर म्हणाले, "काहीच दिसंना की!" मग आधी फेटा उमटला, मग टाळ. फ्लॅशने चेहरा पांढराफटक झाला होता, तरी त्यांनी तो हरिपाठाच्या पुस्तकात जपून ठेवला. वारीत आपले फोटो काढणारे शेकडो भेटतात, हातात फोटो कोण देतं? त्यापुढे दोषाचं काय घेऊन बसायचं?

रीळवाला: देण्याचं शंभर टक्के पटलं. पण दादा, त्यांच्याकडे तोच एक फोटो राहणार. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. म्हणूनच चेहरा नीट यायला हवा होता. दोन पावलं मागे सरकायचं होतं.

दिवेघाट: हे मान्य. यंदा सरकेन.

कवडसा: आज ओल्या कापडाने रूळ पुसले, तपकिरी खपल्या निघाल्या. रीळवाला, तुमचं निदान बरोबर. फोटो मात्र मी काढून टाकणार नाही, त्यात ती दुपार आहे. शेवटी आजीलाच विचारलं. चष्मा लावून तिने बराच वेळ बघितला. "लुगडं पांढरं दिसू दे की गं. दुसरा काढ."

पाकिटात तीन उरलेत. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत.