रिकीब नसताना जुने घोडेस्वार भाला कसा चालवायचे?

खोगीरभरती: सिकंदराच्या घोडदळाबद्दल वाचत होतो, रिकीब (पाय ठेवायची कडी) नाही, धड खोगीर पण नाही, नुसतं घोंगडं टाकून बसायचे म्हणे. मग तीनेक मीटरचा भाला घेऊन धडक दिल्यावर स्वारच मागे पडणार ना?

जुनाबाजार: पडायचे नाहीत रे, मांड्या काय कामाच्या मग! लहानपणापासून सवय, आणि भाला काखेत दाबून धरायची गरजच नव्हती, हात वर करून खुपसायचा, वेळेवर सोडून द्यायचा. पुढे रोमन लोकांनी चार शिंगांचं खोगीर वापरलं, दोन शिंगं पुढे दोन मागे, मांडी अडकून राहते. स्कॉटलंडमधे न्यूस्टेडला त्या शिंगांचे ब्राँझचे पत्रे मिळालेत.

टापटीप: +१. आणि इ.स.पू. ५३ ला कॅरीच्या लढाईत पार्थियन (इराणकडचे) चिलखती स्वारांनी लांब भाल्यांनी रोमनांची वाट लावली, तेही रिकिबीशिवायच. अर्थात अर्धं काम धनुर्धारी स्वारांनी केलं होतं, ते कुणी सांगत नाही. तसल्या घोड्याची खवल्यांची झूल सीरियात दुरा-युरोपसला सापडलीय.

खोगीरभरती: भारी! मग रिकीब आली कधी? आणि नाल?

जुनाबाजार: चीनमधे, ४१५ सालच्या फंग सूफू नावाच्या सरदाराच्या थडग्यात जोडी मिळाली. आपल्याकडे सांचीच्या शिल्पात त्याआधीच दोरीचा फास दिसतो पण तो बिचारा फक्त पायाच्या अंगठ्यापुरता. नालेचं म्हणशील तर ग्रीकांकडे नव्हतीच, त्यांचा लेखक झेनोफन सांगतो अंगणात गोटे पसरा आणि घोडा त्यावर उभा करा, खूर आपोआप टणक होतो.