मदत हवी आहे: नॅशनल बोल्शेविक पार्टी कशामुळे संपली?

अभ्यासमंडळात रशियन लेखक लिमोनोव्हच्या या पक्षावर बोलायचं आहे. १९९८ मध्ये सहसंस्थापक, विचारवंत दुगिन बाहेर पडला, २००१ मध्ये शस्त्रांच्या प्रकरणात लिमोनोव्हला अटक, २००७ मध्ये बंदी, एवढं इंग्रजी लेखांतून जुळवलंय. अडतंय ते मधल्या काळावर. ऑगस्ट २००४ मध्ये पक्षाची पोरं थेट आरोग्य मंत्रालयात घुसली, पुतिनची तसबीर खिडकीतून भिरकावली. कारण, पेन्शनरांच्या मोफत औषधं-प्रवासाऐवजी रोख रक्कम देणारा कायदा! नाझी धाटणीच्या झेंड्यावर विळा-हातोडा मिरवणारा पक्ष म्हाताऱ्यांसाठी तुरुंगात जातो, पुढे बुद्धिबळपटू कास्पारोव्हसारख्या उदारमतवाद्यांसोबत मोर्चे काढतो. हे समजून घेतल्याशिवाय बोलणं मला पटत नाही. रशियन येत नाही, म्हणून मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतलंच सुचवा. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यानंतरचं सध्या नको. बंदीआधीच पक्ष आतून पोखरला होता, की कोर्टानेच त्याचा कणा मोडला?