यात्रेच्या कुस्ती मैदानात मॅट, स्क्रीन आणि डीजे आणायचं चाललंय, काय करावं?

वाळव्याचा_गडी:
राम राम मंडळी. यात्रेचं मैदान तीन आठवड्यांवर आलंय आणि कमिटीत दोन तट पडलेत. पोरं म्हणतात यंदा मॅट टाकू, एलईडी स्क्रीन लावू, हलगीऐवजी डीजे आणू, पुढच्या खुर्च्यांना तिकीट लावू. जुनी माणसं म्हणतात मातीला हात लावायचा नाही. गेल्या साली एक नंबरची कुस्ती पाऊण तास नुसती डोक्याला डोकं लावून चालली, शेवटी पंचांनी गुणांवर सोडवली आणि मागं बसलेल्यांना कोण कशावर जिंकलं हेच कळेना, निम्मी माणसं तर आधीच उठून गेलेली. मला ते लई लागलं बघा. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून मी हेच मैदान बघितलंय, शेवटची जोड सुटल्याशिवाय माणूस जागचा हलत नव्हता. काय ठेवावं, काय बदलावं?

लालमाती:
मी स्वतः बारा वर्षं तालमीत काढलीत. हौद्यातली माती म्हणजे नुसती माती नव्हं, ताक, लिंबू, हळद, तेल घालून ती मळावी लागते तेव्हा कुठं अंगाला लागत नाही. आणि चितपट झाली की पैलवान उठल्यावर पाठीची लाल माती अख्ख्या मैदानाला दिसते, निकाल सांगायला माईकबी लागत नाही. मॅटवर तसं नाही, तिथं ताबा घेतला दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललं एक गुण, ते दाखवायला बोर्ड पाहिजेच.
पण मॅटला नावं ठेवू नका. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, सहावे आले, मग १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. आजबी महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात आणि शेवटची लढत गादीवरच होते. माझं म्हणणं, सकाळी बारक्या पोरांच्या मॅटवर घ्या, संध्याकाळी मोठ्या जोडी मातीत.

दूरदेशी:
मी दुबईत असतो, यात्रेला रजा मिळत नाही म्हणून मोबाईलवर लाईव्ह बघतो. कृपा करून हलगी काढू नका!! हलगीवाला कुस्ती बघून वाजवतो, पैलवान पटात शिरला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला घुसला की त्याचा हात आपोआप चढतो, मी चहा आणायला किचनमध्ये गेलो तरी नुसत्या आवाजावरून पळत परत येतो. डीजेवाल्याला हे जमणार नाही, त्याची पाठ आखाड्याकडं असते. कॅमेरा मात्र उंचावर बांधा, गेल्या साली निम्मा वेळ फेटेच दिसत होते.

सांगलीकर_ताई:
बायकांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या गावात बायका अजून गच्चीवरून कुस्ती बघतात. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली, तेव्हा माझी लेक पुढच्या रांगेत बसली होती आणि दुसऱ्या दिवशी तालमीत घाल म्हणून मागं लागली. स्क्रीनच्या पैशात बायकांना बसायची नीट जागा आणि संडास-बाथरूमची सोय करा, मुलींच्या दोन जोडी लावा.

खासबाग_प्रेमी:
ताईंशी सहमत. कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान बघा की, शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून आल्यावर ते बांधायचं मनावर घेतलं, १९१२ च्या सुमारास तयार झालं. आखाडा मधी आणि माणसं चढत्या उतारावर, कुठंबी बसा कुस्ती दिसतेच. तुमच्याकडं माळाचा उतार असंल तर आखाडा खाली घ्या, निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

वाळव्याचा_गडी:
लई आभार. काल बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. डीजे रद्द, हलगीवाल्यांना सुपारी दिली. मोठी स्क्रीन नको, साधा गुणांचा बोर्ड चालंल. एक नंबरला वीस मिनिटं निकाली, म्हणजे चितपट झाली तरच जिंकलं, नंतर पहिला गुण घेईल तो विजयी, हे दोन्ही वस्तादांना आधीच सांगायचं ठरलं. ओढ्याकडचा उतार उद्या बघायला जातोय. ताई, मुलींच्या जोडीसाठी तुमच्याकडच्या वस्तादांशी बोलणं करून द्याल का?