जुना कोड वाचायला घरचंच टूल बनवायचंय, त्यात नेमकं काय असावं?

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या कंपनीत आहे, आमचं सॉफ्टवेअर मशीन शॉपमधल्या सीएनसीकडून डेटा ओढतं, म्हणजे किती पार्ट निघाले, स्पिंडल कधी बंद होता, अलार्म कुठला आला वगैरे, आणि मालकाच्या स्क्रीनवर दाखवतं. कोड सी आणि सी++, वर थोडं पायथन, दोनेक लाख ओळी असतील. लिहिणारे निम्मे आता पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. कॉमेंट म्हणाल तर काही इंग्रजीत, काही रोमनमधल्या मराठीत ("हे काढू नका, निपाणीच्या मशीनवर अडतं" असली), काही कन्नडमध्ये, आणि अलीकडच्या पोरांनी देवनागरीत टाकलेल्या.

दरवर्षी कॉलेजमधनं नवीन ट्रेनी येतात आणि दिवसभर "दादा हे कुठनं कॉल होतंय", "दादा ही व्हॅल्यू कोण बदलूलाय" एवढंच विचारत बसतात. आता साहेब म्हणतात, तूच काहीतरी बनव. माझ्या डोक्यात असं आहे की एक वेब पेज, डावीकडं फाईलींचं झाड, मधे कोड, उजवीकडं कॉल ग्राफ (कुठलं फंक्शन कुणाला बोलावतंय त्याचं चित्र), सगळं क्लिक करता येणारं. इंडेक्स (कुठलं नाव कुठं आहे त्याची यादी) सीटॅग्ज ह्या टूलनं करू की क्लँग कंपाइलरनं ते ठरवायचंय. आणि खरं सांगायचं तर व्हीएस कोड एडिटरमध्ये एवढं सगळं असताना हे करण्यात अर्थ आहे का तेही सांगा. कोड बाहेरच्या एआयला द्यायला बंदी आहे, कस्टमरशी तसं ॲग्रीमेंट आहे, तेव्हा ते सोडून बोला.

निपाणीचे_पंत

कॉल ग्राफ काढू नकोस बाबा. पहिल्या डेमोला सगळी वाहवा करत्यात आणि पुन्हा कोण ढुंकून बघत नाही. पन्नास फंक्शनपर्यंत ठीक दिसतो, हजार झाली की खडे बाजारातल्या खांबावरच्या वायरी. आणि तुझा ट्रेनी काय विचारतोय ते बघ की, त्याला चित्र नकोच आहे, त्याला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे.

आम्ही सीस्कोपवर वाढलो. बेल लॅब्जमधलं जुनं टूल, पीडीपी-११ च्या काळातलं, २००० साली एससीओनं ओपन सोर्स केलं. दिसायला अगदीच गरीब, पण त्याचा मेनू एकदा वाच. हे नाव कुठं कुठं आलंय, ह्याची डेफिनेशन कुठं, हे फंक्शन कुणाला बोलावतंय, ह्याला कोण बोलावतंय, ही हेडर कुणी घेतलीय, आणि पुढच्या व्हर्जनमध्ये ह्या नावाला व्हॅल्यू कुठं दिलीय तेही आलं. म्हणजे मेनूच प्रश्नांचा आहे. तुझ्या ट्रेनीचे दोन्ही प्रश्न त्यात जसेच्या तसे आहेत! फाईलींचं झाड तिथं नाहीच. झाड म्हणजे डिस्कवर माल कसा ठेवलाय ते, कोड कसा चालतो त्याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

आता इंडेक्सचं. क्लँगडी (क्लँगवर चालणारं कोड वाचायचं टूल) अचूक, पण त्याला कंपाइल_कमांड्स.जेसन (कुठली फाईल कशी कंपाइल होते त्याची यादी) लागतं, जुन्या बिल्डमधनं ते काढणं म्हणजे स्वतंत्र काम. शिवाय तो एका वेळी एकाच कॉन्फिगरेशनचा कोड बघतो. तुमच्यात नक्की मशीनच्या प्रत्येक कंट्रोलरसाठी इफडेफ (अमुक कॉन्फिगरेशन असेल तरच हा कोड घे, अशी अट) असणार, फानुकचं वेगळं, सीमेन्सचं वेगळं. मग एक चालू केलं की दुसरं करडं पडून जातं आणि "कुठनं कॉल होतंय" ला अर्धंच उत्तर येतं, आणि ते अर्धं आहे हे पोराला कळतही नाही. सीटॅग्ज आणि सीस्कोप बिल्ड बघत नाहीत, सरळ मजकूर वाचतात, म्हणून दोन्हीकडचं सापडतं (सीटॅग्जकडनं डेफिनेशन, सीस्कोपकडनं कॉल), थोडा कचरा येतो तो चालतो. क्लँगडी आणि हे, दोन्ही ठेव, आणि कुठलं उत्तर कुणाकडनं आलं ते शेजारी लिही.

शहापूरची_पोर

पंतकाकांच्या बोलण्याला जोड देते. एमटेकला हाच विषय होता, त्यामुळं लांबेल, आधीच सांगते.

२००६ मध्ये सिलिटो, मर्फी आणि डी वोल्डर ह्यांनी प्रोग्रामर कोड बदलताना कसकसले प्रश्न विचारतात ते प्रत्यक्ष बघून मांडलं, ४४ प्रकार निघाले आणि त्यांचे चार गट केले. पहिला गट म्हणजे सुरुवात कुठनं करू, दुसरा म्हणजे सापडलेल्या जागेच्या आजूबाजूला काय आहे, तिसरा म्हणजे हा सगळा तुकडा मिळून काम कसं करतो, चौथा म्हणजे असल्या दोन-तीन तुकड्यांचं एकमेकांशी काय नातं. टूलं पहिल्या दोन गटांवर चांगली चालतात, पुढच्या दोन गटांत माणसालाच दहा ठिकाणी जाऊन सगळं डोक्यात जुळवावं लागतं. दादा, तुमचा जो प्लॅन आहे तोही पहिल्या दोनच गटांचा आहे, आणि तेवढं व्हीएस कोड आत्ताच देतं. एलएसपी (एडिटर आणि भाषेच्या टूलनं एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) २०१६ ला आलं तेव्हापासनं डेफिनेशनवर उडी मारणं हा प्रश्न जवळजवळ सुटल्यातच जमा आहे.

न सुटलेलं काय, तर उड्या मारून झाल्यावर "मी इथं का आलो होतो". को आणि मायर्स वगैरेंचा २००६ चाच एक अभ्यास आहे, दहा जावा डेव्हलपर, पाचेकशे ओळींचा चित्र काढायचा छोटा प्रोग्राम, आणि तेवढ्यातही सरासरी ३५ टक्के वेळ नुसता इकडनं तिकडं जाण्यात गेला. पाचशे ओळी! तुमच्या दोन लाखांत काय होत असेल.

आता बॅक बटण बघा. तुम्ही अ वरनं ब वर गेला, मग क वर, परत ब वर आला आणि तिथनं ड वर गेला, की क पुसला गेला. तीच वाट नेमकी बरोबर होती असं ड वर गेल्यावर लक्षात येतं. विम एडिटरमध्ये टॅग स्टॅक (मारलेल्या उड्यांची यादी) वीस उड्यांचा, तोही सरळ रेषेचा. म्हणून मला वाटतं तुमच्या टूलमध्ये उजवीकडं कॉल ग्राफच्या जागी वाचणाऱ्याची स्वतःची वाट दाखवा, फांद्या असलेली. सगळं कोडबेस नको, मी जिथं जिथं गेलो तेवढंच. प्रत्येक ठिकाणी एक ओळ लिहायची सोय, "इथं अलार्म नंबर बदलतो" एवढीच. आणि ही वाट साध्या टेक्स्ट फाईलमध्ये सेव्ह करून रिपोमध्ये (कोड ठेवता तिथंच) टाका म्हणजे पुढचा ट्रेनी तिच्यावरनं चालत जाईल. मोठा आर्किटेक्चर डॉक्युमेंट कोण लिहीत नाही, पण आज चाललेली वाट सेव्ह करायला कुणाची ना नसते.

हे अगदी नवीन आहे असं नाही. कर्स्टन आणि मर्फीचं मायलिन होतं एक्लिप्स एडिटरमध्ये, चालू कामात ज्या फाईलींना हात लावला तेवढ्याच दाखवायचं, बाकीच्या लपवायचं, आणि बरेच दिवस न उघडलेली आपोआप मागं पडायची. २०१० मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीत कोड बबल्स केलं, पूर्ण फाईल न उघडता एकेक फंक्शन आपापल्या बुडबुड्यात, शेजारी-शेजारी. मला ते फार आवडलं होतं. पण त्याला मोठी स्क्रीन पाहिजे, आणि तुमच्या शॉपमध्ये चौदा इंची लॅपटॉप असणार!

खानापूर_रोड

सगळं वाचलं. चांगलंय, पण एवढं बांधत बसण्यात वर्ष जाईल. आमी काय करूलालो सांगतो, रिपग्रेप (फाईलींत मजकूर शोधायचं टूल) आणि गिट (कोडचा इतिहास ठेवणारं), बस्स. दोन लाख ओळी रिपग्रेपला काहीच नाहीत, एंटर दाबायच्या आत उत्तर. मी रात्री सर्व्हरवर एसएसएच करून बसतो, नेट कधी जाईल सांगता येत नाही, तिथं तुमचं वेब पेज काय कामाचं.

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाही. "हे कुठनं कॉल होतंय" पेक्षा अवघड प्रश्न म्हणजे "हे असं का केलंय", आणि त्याचं उत्तर आजच्या कोडमध्ये नसतंच, जुन्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) असतं. तुमची ती निपाणीच्या मशीनची कॉमेंट घ्या. ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) केलं तर वर कुणीतरी टॅबचे स्पेस केल्याचं कमिट येणार आणि नाव भलत्याचं. गिट २.२३ पासनं ब्लेमला असली कमिट सोडून दे म्हणून फाईल देता येते, ती आधी बनवा. मग गिट लॉगला कॅपिटल एल देऊन एकाच फंक्शनचा इतिहास, कॅपिटल एस देऊन ही स्ट्रिंग कधी आली कधी गेली ते. हे दोन पर्याय पोरांना माहीतच नसतात. ते तुमच्या पेजवर बटण म्हणून आलं तरी अर्धं काम झालं. झाड, ग्राफ, बुडबुडे नंतर बघा.

शहापूरची_पोर

@खानापूर_रोड मान्य, इतिहासाचं बटण पाहिजेच. फक्त रिपग्रेपचं उत्तर म्हणजे तीनशे ओळींची यादी, त्यातली कुठली बघून झाली कुठली राहिली हे लक्षात कोण ठेवणार? तुम्ही ठेवता, कारण कोड तुम्हीच लिहिलाय.

खानापूर_रोड

हां, ते खरं आहे. बघितलेल्या ओळीवर फुली मारायची सोय द्या मग.

उद्यमबागवाला

लई भारी. ग्राफ कॅन्सल, साहेबांना सांगून टाकतो (त्यांनाच तो हवा होता, असो). वाट आणि इतिहास हे धरून चालतो. दोन शंका. एक, वाट सेव्ह केली आणि उद्या कोड वर-खाली सरकला तर ओळ नंबर चुकणार, मग? दोन, देवनागरी आणि कन्नड कॉमेंट शोधायच्या कशा, आत्ता "दुसऱ्या" शोधलं की कधी सापडतं कधी नाही.

निपाणीचे_पंत

पहिल्याचं उत्तर सीटॅग्जनं कधीच देऊन ठेवलंय. टॅग्ज फाईल उघडून बघ, नाव, फाईल, आणि तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ओळ नंबर नसून त्या ओळीचा मजकूरच असतो, शोधायचा पॅटर्न म्हणून. वर चार ओळी वाढल्या तरी बिघडत नाही. तूही तसंच कर, फंक्शनचं नाव आणि त्या ओळीचा मजकूर ठेव. ओळच बदलली असेल तर फंक्शनच्या डोक्यावर नेऊन सोड आणि "इथं बदल झालाय" म्हणून पिवळं कर. गुपचूप चुकीच्या ओळीवर नेऊन सोडायचं नाही, एकदा तसं झालं की पोरं टूलवर विश्वास ठेवत नाहीत.

टिळकवाडी_तिसरा_रेल्वे_गेट

दुसऱ्या शंकेवर मी बोलतो, मी ह्यात हात भाजून घेतलेत. "दुसऱ्या" मधला तो अर्धा र दोन तऱ्हेनं टाईप होतो. एक कीबोर्ड ऱ आणि हलंत देतो, दुसरा साधा र, हलंत आणि मधे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे, म्हणून ग्रेपला एक सापडतं एक नाही. युनिकोडचं एनएफसी (एकच अक्षर एकाच ठरलेल्या रूपात आणणं) केलं तर र आणि नुक्ता असं लिहिलेलं ऱ मध्ये येतं, पण जॉइनरवालं येत नाही, ते तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं.

आणि ट्रायग्रॅम इंडेक्स (मजकुराचे तीन-तीनचे तुकडे करून केलेली यादी) घालणार असाल तर जपून. गूगल कोड सर्च २०१२ च्या जानेवारीत बंद झालं तेव्हा रस कॉक्सनं ती पद्धत लिहून काढली, कोडही दिला, सुंदर आहे, पण त्यातले ट्रायग्रॅम बाइटचे. इंग्रजीत तीन बाइट म्हणजे तीन अक्षरं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर म्हणजेच तीन बाइट, त्यात पहिला बाइट नेहमी तोच आणि दुसरा दोनांपैकी एक. म्हणजे तुमचा ट्रायग्रॅम "ह्या फाईलमध्ये स आहे का" एवढंच सांगतो. मराठी कॉमेंट असलेल्या प्रत्येक फाईलमध्ये स असतोच! कन्नडचीही तीच कथा.

तुमच्या साईजला सोपा उपाय, ट्री-सिटर ह्या पार्सरनं फक्त कॉमेंट वेगळ्या काढा (त्याला बिल्ड लागत नाही, अर्धवट कोडही वाचतो), वरची साफसफाई करा आणि एसक्यूलाइट डेटाबेसच्या एफटीएस५ (मजकूर शोधायची सोय) मध्ये टाका. एसक्यूलाइट ३.३४ पासनं त्यात ट्रायग्रॅम टोकनायझर (मजकुराचे तुकडे करणारा भाग) आहे आणि तो बाइट न धरता अक्षर धरून चालतो. शोधायच्या शब्दालाही तीच साफसफाई लावायला विसरू नका, आणि शब्द तीन कॅरेक्टरपेक्षा छोटा असेल तर तो काही देत नाही. रोमनमधल्या मराठीला मात्र इलाज नाही, "नाही" हा एक शब्द प्रत्येकानं वेगळ्या स्पेलिंगनं लिहिलेला असतो.

उद्यमबागवाला

थँक्यू सर, हे कुठंच वाचलं नव्हतं. एक शेवटचं, आमच्यात प्रत्येक कंट्रोलरसाठी फंक्शन पॉइंटरचं टेबल आहे, म्हणजे कुठलं फंक्शन बोलवायचं ते प्रोग्राम चालताना ठरतं. सीस्कोप, क्लँगडी दोघंही तिथं येऊन थांबतात, पुढं कुठं जातं ते सांगत नाहीत. हातानं लिहून ठेवू का?

टिळकवाडी_तिसरा_रेल्वे_गेट

हातानं नको, चालवून बघा. जीसीसी कंपाइलरला "इन्स्ट्रुमेंट फंक्शन्स" चा फ्लॅग (पर्याय) आहे, तो दिला की प्रत्येक फंक्शनमध्ये शिरताना तुमचं एक फंक्शन बोलावलं जातं आणि त्याला मेमरीतले दोन पत्ते मिळतात, कुठल्या फंक्शनमध्ये शिरलो आणि कुठनं बोलावलं. तुम्हाला नेमकं हेच पाहिजे. व्हिज्युअल सी++ मध्येही तसे दोन फ्लॅग आहेत, शिरतानाचा एक आणि बाहेर पडतानाचा एक. पत्त्याचं नाव करून त्याच इंडेक्समध्ये टाका, पंतांनी सांगितलं तसं शेजारी "चालताना दिसलं" असं लिहून.

फक्त शॉपमधल्या चालू मशीनवर हा बिल्ड लावू नका, सगळं मंदावतं आणि कंट्रोलरला वेळेत उत्तर गेलं नाही की कनेक्शन तुटतं. डेटा रेकॉर्ड करून ठेवा आणि टेबलावर रिप्ले करा.

निपाणीचे_पंत

आणि रिप्लेत फानुक आणि सीमेन्स दोन्हीचा डेटा घे, नाहीतर अर्धं टेबल रिकामं राहील आणि पोरं म्हणतील तिकडचं कोण वापरतच नाही, टाका काढून.