फुलाच्या अवयवांची जनुके समजावण्यासाठी कोणती वनस्पती निवडावी?

पर्णिका: शाळकरी विद्यार्थ्यांना एबीसी प्रारूप, म्हणजे फुलात कोणता अवयव कुठे येतो हे जनुकांचे तीन गट कसे ठरवतात याची मांडणी, प्रत्यक्ष फुलावर दाखवायचे आहे. हाताशी केवळ भिंग आणि ब्लेड असून अवधी दोन आठवड्यांचा आहे. कृपया वनस्पती सुचवावी.

बीजांकुर: अराबिडॉप्सिसला (प्रयोगशाळेत वापरली जाणारी मोहरीच्या कुळातील छोटी वनस्पती) पर्याय नाही. १९९१ मध्ये कोएन आणि मायरोविट्झ यांनी मांडलेल्या प्रारूपानुसार केवळ ‘ए’ गटामुळे निदल, ‘ए’ व ‘बी’ मिळून पाकळी, ‘बी’ व ‘सी’ मिळून पुंकेसर आणि केवळ ‘सी’मुळे स्त्रीकेसर घडतो. ‘सी’ गटातील अ‍ॅगामस जनुक निकामी झाले की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि मध्यभागी पुन्हा नवे फूल सुरू होते. मी स्वतः असे उत्परिवर्ती रोप वाढवले आहे. सहाएक आठवडे लागतात.

केसराग्र: त्या चिमुकल्या फुलांमुळे माझे डोळे दुखून आले. स्नॅपड्रॅगन घ्या. त्यातील ‘बी’ गटाचे डेफिशियन्स जनुक निकामी झाल्यास पाकळ्यांच्या जागी निदले आणि पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसर दिसतात. मात्र त्यात ‘ए’ गटाचे कार्य अराबिडॉप्सिसइतके स्पष्टपणे सापडलेले नाही, म्हणून मुळात ‘ए’ शिकवावेच का, हा प्रश्न आहे.

चौथे_मंडल: शिकवावे, परंतु या तिन्ही गटांना साथ देणाऱ्या सेपालाटा जनुकांशिवाय नव्हे. त्यांतील तीन एकत्र निकामी केल्यावर सर्वच अवयव निदलांसारखे होतात, हे २००० साली दिसून आले. रोप मात्र अराबिडॉप्सिसचेच हवे.

बीजांकुर: मी वर तेच म्हटले आहे.

काटेरी: प्रश्न भिंग आणि ब्लेडचा आहे, याची आठवण करून देतो. पाच पाकळ्यांचा रानगुलाब आणि भरगच्च पाकळ्यांचा गुलाब शेजारी ठेवून उकला. दुसऱ्यात अ‍ॅगामससदृश जनुकाचे कार्यक्षेत्र केंद्राकडे आक्रसलेले असते, त्यामुळे पुंकेसरांऐवजी पाकळ्या वाढतात. काही अवयव तर अर्धे पाकळी, अर्धे पुंकेसर असे मिळतात.

पर्णिका: सर्वांचे आभार. गुलाबाची सूचना मनापासून आवडली, तरीही मी कुमुद निवडले आहे. त्यात बाहेरून आत जाताना पाकळ्या क्रमाने अरुंद होत पुंकेसर बनतात, आणि त्या कुळात ‘बी’ जनुके अनेक मंडलांत (अवयवांच्या वर्तुळाकार रांगांत) पसरून कार्यरत असल्याचे आढळले आहे.

बीजांकुर: ज्या फुलात मंडलांच्या सीमाच पुसट आहेत, ते घेऊन आपण सीमा शिकवणार?

पर्णिका: होय. सीमा कशामुळे ठरते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःहून विचारावा, एवढाच हेतू आहे.