शब्दचर्चा: बटणाची ‘घटना’ की फाशांची ‘घटना’?

पाटीपेन्सिल: आर ही संगणकभाषा शिकणाऱ्यांसाठी एक छोटा धडा मराठीत लिहितेय, शायनीमधलं (आरमध्ये वेब अ‍ॅप बनवायचं पॅकेज) दोन फाशांचं अ‍ॅप. एक स्लायडर, किती वेळा टाकायचे त्याचा, आणि एक बटण, ‘फासे टाका’. दाबलं की बेरीज 7 किती वेळा आली ते दिसतं, म्हणजे प्रमाण 1/6 च्या जवळ जातंय का ते बघायचं. अडलंय ‘इव्हेंट’पाशी. ऑब्झर्व्हइव्हेंट, म्हणजे बटण दाबलं की ठरलेलं काम करणारं शायनीचं फंक्शन, समजावताना बटण दाबणं ही ‘घटना’ लिहिली, आणि संभाव्यतेत बेरीज 7 येणं हीसुद्धा घटनाच. वाक्य असं झालं: "घटना घडली की घटना किती वेळा घडली ते मोजा." भावाला वाचायला दिलं तर म्हणाला, कुठली घटना?

जुनाकळफलक: संभाव्यतेतली घटना हलवू नका, नमुना अवकाश (सगळ्या शक्य निकालांचा संच), घटना हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. बटणाला ‘प्रसंग’ म्हणा.

ओसरी: प्रसंग माणसावर येतो हो, बटण दाबण्याचा कसला प्रसंग. घटना आणि घडणे दोन्ही घट् धातूचे, जे घडतं ती घटना, त्यामुळे बटणालाच तो शब्द जास्त शोभतो. संभाव्यतेतली घटना न घडताही घटनाच असते, अशक्य घटनासुद्धा असते तिथे!

पाटीपेन्सिल: पटतंय, पण वाचणारा अडतोच ना.

तिरकीरेघ: आधी आत काय होतं ते बघा. अ‍ॅक्शनबटणाची, म्हणजे शायनीतल्या अशा बटणाची, किंमत 0 पासून सुरू होते, दर वेळी दाबलं की 1 ने वाढते, शायनी त्या आकड्यावर नजर ठेवून असतं. मग ‘बदल’ म्हणा की. टीसीएलटीके या आरमधल्या खिडक्या-बटणं बनवायच्या दुसऱ्या पॅकेजमध्ये तर टीकेबटणला, म्हणजे तिथल्या बटणाला, कमांड म्हणून सरळ फंक्शनच देतो आपण, तिथे मी "बटण दाबल्यावर चालणारं फंक्शन" एवढंच लिहितो. नाम कशाला हवं, क्रियापदाने भागतं.

जुनाकळफलक: आणि बटण का? कळ आहे की. कळफलक चालतो मग कळ का नाही?

ओसरी: कळफलक छापण्यापुरता, बोलताना सगळे कीबोर्डच म्हणतात. ‘कळ दाबा’ वाचलं की मला तरी आधी पोटातली कळच आठवते.

जुनाकळफलक: दोन अर्थांचे शब्द मराठीत ढिगाने आहेत, संदर्भाने कळतं. वापरलेच नाहीत तर रुळणार कधी? मी शिकवताना स्लायडरला सरकपट्टी म्हणतो, आजवर एकानेही अर्थ विचारला नाही.

रानवाट: सरकपट्टी फार आवडला! रेडिओ बटणाला काय म्हणता? जुन्या गाड्यांच्या रेडिओत एक बटण दाबलं की आधीचं बाहेर यायचं, त्यावरून ते नाव, एका वेळी एकच. मी त्याला ‘एकनिवड’ म्हणते आणि चेकबॉक्सला ‘बहुनिवड’.

तिरकीरेघ: शायनीचा चेकबॉक्सइनपुट एकटाही असतो, हो किंवा नाही एवढंच, त्यात बहु काय आलं? अनेक चौकटींच्या ग्रुपवाल्याला बहुनिवड ठीक.

रानवाट: बरोबर. मग एकट्याला ‘खूणचौकट’.

जुनाकळफलक: खूणचौकट उत्तम! आता सिलेक्टइनपुटला सुचवा, ती यादी खाली उघडते त्याला.